चुंबकाच्या कुंडीचं तीर्थ

लासूर स्टेशनच्या बाजारात आठ दिवस चुंबकाचं यंत्र विकणाऱ्या साहेबांच्या मांडवापुढची गर्दी हटत नव्हती. मांडवात दोन कुंड्या. दोन्हींत तिथल्याच शेतकरीण वच्छलाबाईंच्या शेतातली खारवट माती, दोन्हींत गहू, दोन्हींना एकाच विहिरीचं पाणी. फक्त उजवीचं पाणी साहेबांच्या चुंबकाच्या नळीतून यायचं. उजवीतला गहू हिरवागार होता, डावीतल्यानं माना टाकल्या होत्या.

"चुंबकातून गेलं की पाण्याचे अणू रांगेत उभे राहतात," टायवाले साहेब सांगत. "मिठाला मातीत जागाच उरत नाही. ध्रुवीय ऊर्जा आहे ही, माउली!"

रांगेत उभं राहायची सवय सगळ्यांनाच, त्यामुळे ते लगेच पटलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी उजव्या कुंडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. पूजा झालेल्या कुंडीला मग हात कोण लावणार? साहेबांना तेच हवं होतं. त्यांनी ती पितळी ताटात ठेवली. ताटात साचलेलं पाणी ते रोज सकाळी स्वतः, मोठ्या भक्तिभावानं, लांब नेऊन ओतत.

वच्छलाबाईंना मात्र म्हशीची काळजी लागली होती. नवरा, कारभारी, या यंत्रासाठी दुभती म्हैस विकायला निघाला होता आणि घर चालत होतं ते तिच्याच दुधावर.

"अगं, हिरवं दिसतंय ना? अजून काय पायजे?" तो म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक येतंय म्हशीला."

दुसऱ्या दिवशी साहेब चहाला गेले असताना बाई मांडवात आल्या. म्हैस जायचीच असेल तर निदान यंत्राला यश येऊ दे, असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि ताटातलं पाणी तीर्थ म्हणून जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. तीर्थ कसलं, खारट ढोण.

मातीतलं मीठ ताटात आलं कसं? बाईंनी सरळ कुंडी उचलली. बुडाला करंगळीएवढं भोक होतं. मग डावी उचलली. तिचं भोक सिमेंटनं बुजवलेलं.

"पूजेची कुंडी हलवलीत?" साहेब धावत आले, मागोमाग कारभारीही. "सगळी ऊर्जा निघून गेली ना!"

"ऊर्जा नाय साहेब, मीठ निघून गेलंय. पाण्यासंगं, खालून. चाखून बघा की." बाईंनी ताट पुढं केलं. "डावीचं बूड तुमी बुजवलं. तिच्यातलं मीठ जाईल कुठं?"

साहेब चाखेनात. कारभाऱ्यानं बोट बुडवून चाखलं आणि मान खाली घातली.

"आता असं करा," बाई म्हणाल्या, "दोन्ही कुंड्यांना भोकं ठेवा, अन् चुंबक एकीलाच लावा. मंग बी फरक पडला, तर म्हशीचं दावं मीच सोडते."

साहेबांना एकदम संभाजीनगरची गाडी आठवली.

कारभाऱ्यानं म्हशीचं गिऱ्हाईक परत पाठवलं आणि त्याच आठवड्यात शेताच्या उताराला निचऱ्याचा चर खणायला घेतला. चांगलं पाणी देऊन मीठ धुऊन काढायचं, तर त्याला वाट हवीच. हे काम आठ दिवसांत होत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर सावध व्हावं. दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा: बाकी सगळं खरंच सारखं आहे का? आणि उत्तर ऐकून थांबू नका, उचलून बघा.