चाळीस पावलं पाणी

शिंगाडेवाल्या केसरबाईने कमरेइतक्या पाण्यातून हात पुढे केला. तो धरण्याआधी वच्छलाबाईने मनाशी हिशेब मांडला, हिला यातून काय मिळणार? उत्तर सोपं होतं. तलावातल्या शिंगाड्याचा ठेका पुढल्या साली पुन्हा निघायचा होता, आणि वच्छलाबाईचा नवरा सोमाजी पंचायतीत होता.

"भेता काऊन बाई? पाणी हाये, सासू नाई."

वच्छलाबाई हसली नाही, पण हात धरला.

त्र्याऐंशी सालच्या चैतात ती शेताच्या धुऱ्यावर घसरून पडली. पाळी जाऊन आठ वर्षं झालेली, हाडं ठिसूळ झाली, असं चंद्रपूरच्या डॉक्टरने मांडीत सळई टाकल्यावर सांगितलं. जखम पुरती भरल्यावर म्हणाला, रोज कमरेइतक्या पाण्यात चाला, पाणी वजन उचलतं. दिवाळीपर्यंत पाय सुटला तर सुटला, नाहीतर काठी जन्माची. जन्माची काठी म्हणजे ओसरीवर बसून सून काय काय सांडते ते पाहत राहणं.

श्रावणापासून मग रोज चाळीस पावलं जायचं, चाळीस यायचं. केसरबाई समोरून हात धरून उलटी चाले. वच्छलाबाईची नजर त्या हातावरून हलत नसे.

"गुडघा वर घ्या. अजून. चिखलातून पाय काढून राह्यल्यावानी."

"डॉक्टरीण झाली तू."

"मंग. फी शिंगाड्यात घेतो मी."

ठेक्याची गोष्ट मात्र ती काढत नव्हती. म्हणजे मागणं मोठं असणार, असं वच्छलाबाईने धरून ठेवलं.

दसरा झाला. एका सकाळी वच्छलाबाई एकटीच तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर चढली आणि पहिल्यांदाच वरून सगळा तलाव पाहिला. या काठापासून त्या काठापर्यंत शिंगाड्याचा हिरवा वेल. लाकडी डोंग्यात बसून केसरबाई शिंगाडे तोडत होती. फक्त त्या दोघी चालायच्या त्या घाटापासून आत चार हात रुंद पट्टा मोकळा होता. काठावर उपटलेल्या वेलांचा वाळका ढीग पडला होता. घाटापाशी वेल धरतच नसेल, असं इतके दिवस तिला वाटत होतं.

"केसरबाई, घाटापाशी येल काऊन नाई?"

"पायात गुतला असता तुमच्या." केसरबाईने मान वर केली. "काठी कुठी हाये?"

"घरी."

केसरबाई पुन्हा वेल उलथून शिंगाडे तोडू लागली.

वच्छलाबाई पाण्यात उतरली. कोणाचा हात न धरता चाळीस पावलं गेली, चाळीस आली, दोन्ही वेळा मोजत. चार हात रुंद, चाळीस पावलं लांब, एका हंगामाचा शिंगाडा. गेला तो केसरबाईचा. पाय मिळाला तो वच्छलाबाईला.