वीतभर पुढे

बॉल थोरलीने थांबवायचा आणि धाकटीने मारायचा, ही बहिणींची वाटणी लहानपणापासूनची. पुढे दोघी हॉकीच्या मोठ्या संघात खेळल्या तरी ती तशीच राहिली. पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलरेषेवरून एकजण बॉल ढकलायची, समोर डीच्या अर्धगोलाबाहेर थोरली वाकून, स्टिक आडवी टाकून तो थांबवायची आणि मागून धावत आलेली धाकटी तो ओढत नेऊन गोलात भिरकावायची. फोटो धाकटीचा छापून यायचा. कोपऱ्यात कधी थोरलीची वाकलेली पाठ यायची, ती वडील कात्रण चिकटवताना कापून टाकायचे. घरी आल्यावर आई दारातच विचारायची, "गोल कोणी मारला?" थांबवला कोणी, हे विचारायची पद्धतच नाही.

खेळ सुटल्यावर थोरलीने क्लबच्या मुली हाती घेतल्या. टर्फवर पाणी मारण्यापासून मुलींची रडगाणी ऐकण्यापर्यंत सगळं तिच्याच अंगावर. आता मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली, तर सेक्रेटरींनी धाकटीला बोलावलं.

"नावाला वजन असतं हो," ते थोरलीला म्हणाले. "कमिटीपुढे एकदा शिकवून दाखवतील, की झालं. मदतीला तुम्ही आहातच."

थोरली तोंडभर हसली. "आयत्या बिळावर नागोबा," असं संध्याकाळी भांड्यांना म्हणाली. नवरा शेजारीच उभा होता, पण भांडी जास्त मन लावून ऐकतात.

ठरल्या दिवशी धाकटी आली आणि मुली गुळाला मुंगळे लागावेत तशा तिला चिकटल्या. जिची वेणी थोरली रोज घालून द्यायची, त्या गोलकीपरनेही हेल्मेट पुढे केलं, "यावर सही द्या ना." थोरलीला वाटलं, वेणी आता हेल्मेटच घालून देईल.

मग कॉर्नर. थांबवायला गोटी होती, मुलींमधली सगळ्यात लहान, थोरलीनेच तयार केलेली. तिने शिकवल्याबरहुकूम बॉल थांबवला. धाकटी धावली, ओढला, बॉल खांबाबाहेर. दुसरा वरून गेला. तिसऱ्याला तर स्टिकच हुकली.

कारण एकट्या थोरलीला माहीत होतं. धाकटीचं शेवटचं पाऊल लांब पडतं, म्हणून तिच्यासाठी बॉल वीतभर पुढे, अगदी डीच्या रेषेला खेटून थांबवावा लागतो. थोरली हे कधी बोलली नव्हती. धाकटीला जन्मभर वाटत आलं, की बॉल असाच थांबतो.

कमिटीत कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरींनी खुर्ची थोरलीकडे सरकवली. "तुमचंच नाव घालावं म्हणतो."

घास तोंडाशी आला होता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तिला चांगलं जमायचं.

इतक्यात धाकटी गोटीजवळ उकिडवी बसली. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घाबरू नकोस गं. आपलं दोघींचं जमेल. आता रोज माझ्यासाठी तूच थांबवायचा, काय?"

गोटी लाजून हसली.

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. फोटो गेले, नाव गेलं, उद्या खुर्चीही गेली असती तर तिने दातओठ खाऊन सोसलं असतं. हे नाही. ती उठली, चपलांसकट टर्फवर गेली आणि गोटीच्या हातातली स्टिक ओढून घेतली.

"सरक."

"मॅडम, माझं चुकलं का?"

"नाही. सरक."

बॉल आला. वीतभर पुढे थांबला. मागून धाकटीचा श्वास ऐकू आला, ओळखीचा, आणि पुढच्या क्षणी गोलाची फळी धाडकन वाजली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. अर्थात धाकटीसाठी. सेक्रेटरींची खुर्ची जागच्या जागी परत गेली.

घरी जाताना धाकटी थोरलीच्या स्कूटरवर मागे बसली.

"ताई, गोटी बॉल मागेच थांबवतेय, हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच फटक्याला."

"आणि तीन वेळा गंमत बघितलीस?"

"अजून बघणार होते."

"मग उठलीस कशाला? जागा तुला मिळत होती की."

सिग्नलला थोरलीने ब्रेक दाबला. "ती पोर तुझ्यासाठी वाकली होती."

"एवढीशी तर आहे ती."

"मी वाकायला लागले तेव्हा मीही एवढीशीच होते."

धाकटीने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली. थोरलीने खांदा झटकला नाही, पण सैलही सोडला नाही.

"उद्या गोटीला शिकव ना, वीतभर पुढे कसं ते."

"मुळीच नाही," थोरली म्हणाली आणि सिग्नल सुटायच्या आधीच स्कूटर पुढे काढली.