ललिताबाईची फिल्म आणि मी

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे आणि भंगारात जायला माझी अजिबात तयारी नाही. मित्रांनो, हे आधीच सांगते, कारण माझ्याकडे पाहून बरेच जण तोच विचार करतात.

लाखनीला हमरस्त्याच्या कडेला एक दवाखाना आहे. तिथल्या भिंतीवर मी वीस वर्षं टांगलेली होते. पत्र्याचं अंग, पुढे दुधी काच, आत उजेडाच्या दोन नळ्या. एक्स-रेची काळी फिल्म माझ्यावर लावली की छातीतली फासळी न् फासळी दिसायची. शोभाताई डॉक्टर तरुणपणी माझ्यासमोर उभ्या राहूनच फिल्म वाचायला शिकल्या. पुढे संगणक आला. कंपाउंडर टिकारामभाऊंनी मला मोडक्या खुर्च्यांजवळ नेऊन ठेवलं. हिचं आता काय काम, असं ते म्हणाले. माझी एक नळी टिकटिक करायची, तेवढाच माझा दोष. मी धूळ खाल्ली, पण फुटले नाही.

मागच्या वर्षी, धानाची रोवणी सुरू असताना, खेमराज नावाचे कोसा रेशीम विणणारे गृहस्थ बायकोला मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. ललिताबाई स्वतःही मागावर बसणारी. दोन महिने तिला संध्याकाळी ताप यायचा. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, इतकी ती वाळली होती. खोकला मात्र नव्हता. कुणी टायफॉइडची औषधं दिली. थुंकी तपासली, तिच्यात काही सापडलं नाही. दीड महिन्यापूर्वी एक्स-रे काढला, त्याचा फोटो मोबाइलवर एका डॉक्टरांना पाठवला आणि पलीकडून उत्तर आलं, ठीक दिसतंय. आता तीन दिवस डोकं फुटत होतं आणि सकाळी उलटीही झाली होती.

शोभाताईंनी तिला तपासलं. मान वाकवायला लावली तर ती कळवळली. आजच भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात जा, असं त्यांनी सांगितलं. ललिताबाई मान हलवून नाही म्हणाली. मागावर लुगडं अर्धं झालेलं होतं. मागावर चढवलेला ताणा विणून पुरा केल्याशिवाय विणणारीनं घराबाहेर मुक्काम करायचा नाही, अशी तिच्या सासूबाईंची, शकुनबाईंची, शिस्त. चार दिवसांचं काम उरलं होतं. याच शिस्तीपायी दोन महिन्यांत तीन लुगडी उतरली होती आणि प्रत्येक वेळी मोठा दवाखाना पुढे ढकलला गेला होता.

शोभाताईंनी जुनी फिल्म मागितली. खेमराजनं ती पिशवीतून काढली तेव्हा टिकारामभाऊ कपाळाला हात लावून बसले. फिल्म गुळगुळीत असते, धागा अडकत नाही, म्हणून या लोकांनी ती सूत गुंडाळलेल्या कांड्यांखाली अंथरली होती. तिच्यावर ओरखडे उठले होते. टिकारामभाऊंनी ती पुसून खिडकीशी धरली आणि हे सगळे ओरखडेच आहेत म्हणाले.

तेव्हा शोभाताईंनी मला आणायला सांगितलं.

मला भिंतीवर टांगलं, बटण दाबलं. एक नळी लगेच लागली. दुसरी टिकटिकत राहिली. आज नाही विझायचं, असं मी ठरवलं होतं. लागली.

शोभाताईंनी ललिताबाईला माझ्यापुढे उभं केलं. "तुम्हाला कापड कळतं. तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

तिनं नाक काचेजवळ नेलं. कोशाचा पट उजेडासमोर धरून दोष शोधणारी बाई ती.

"हे खालचे ओरखडे आमच्या कांड्यायचे," ती म्हणाली. "ओरखडा तिरपा जाते. पन हे तं गाठी आहेत. बारीक, साऱ्या एकसारख्या. दोन्ही बाजूच्या पटांत, वरपासून खालपर्यंत."

शोभाताईंनी समजावलं. क्षयाचे जंतू रक्तातून अंगभर पसरले की फुफ्फुसांत असे राळ्याच्या बारीक दाण्याएवढे ठिपके उठतात. यात खोकला असेलच असं नाही. थुंकीतही जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. याला मिलिअरी टीबी म्हणतात. तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला असावा, अशी त्यांना शंका होती.

"अन् चार दिवस थांबलो तं?" खेमराजनं विचारलं.

"चार दिवसांनी त्या तुम्हाला ओळखतील, याची खात्री मी देत नाही."

मग ललिताबाईच नवऱ्याला म्हणाली, "तुमी घरी जाऊन लुगडं मागावरून कापून टाका."

"अर्धं? आई काय म्हनन?"

"आईले म्हना, लुगडं दुसरं लावता येते."

मित्रांनो, माझ्यासमोर मोठमोठी माणसं रडलेली मी पाहिली आहेत. ती रडली नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत ती त्या गाठींकडे रागानं पाहत होती.

पुढचं तिनंच येऊन सांगितलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, शंका खरी निघाली. आठ दिवस तिला दिवस-रात्र कळली नाही. औषधांनी मध्येच कावीळ झाली. डॉक्टरांनी काही गोळ्या थांबवल्या, बदलल्या आणि पुन्हा सुरू केल्या. तीन महिन्यांत ती चालू लागली, तेव्हा घरचे म्हणाले, आता बरी झालीस, पुरे कर. तिनं ऐकलं नाही. पूर्ण वर्षभर औषध घेतलं. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायलाही तिनंच नेलं. शकुनबाई कुरकुरत रांगेत उभ्या राहिल्या.

म्हणून सांगते. घरात कुणाचा ताप दोन आठवडे उतरला नाही, तर एका तपासणीत काही नाही निघालं म्हणून गप्प बसू नका. पुन्हा विचारा. औषध सुरू झालं की डॉक्टर थांबवतील तेव्हाच थांबवा. आणि आजाराचं नाव लपवू नका.

या आजारात ललिताबाईचा डावा कान मात्र कायमचा बहिरा झाला. शेवटच्या तपासणीला आली तेव्हा टिकारामभाऊ हळहळले. गल्लीतल्या बायका टीबीवरून अजून बोलतात का, असंही त्यांनी विचारलं.

"बोलतात नं," ती म्हणाली. "त्याईले मी डाव्या बाजूले बसवतो."