झाकणाखालचे अंडे

पातेल्यावर झाकण होते, झाकणाखाली अंडे होते आणि अंड्याखालचा गॅस बंद होता. आत कुणी शेवटच्या घटका मोजत असावे, तसे आम्ही तिघे त्याभोवती गप्प बसलो होतो. थेरपिस्टबाईंचे पेन फॉर्मवर थबकले होते. ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. पुनर्वसन केंद्रातले हे सरावाचे स्वयंपाकघर. इथे कधीच कुणाला भूक लागलेली नसते.

"गॅस मध्येच का बंद केलात?" दहा मिनिटांनी बाईंनी विचारले.

"पाणी उकळलं. पुढचं काम वाफ फुकटात करते. उगाच गॅस कशाला जाळायचा?"

सहा महिन्यांपूर्वी सायकलवरून पडून माझे डोके फुटले. पर्यावरणाच्या सेवेत, असे मी म्हणतो. खड्ड्यात, असे ताई म्हणते. आज अंडे उकडले की एकट्याने राहण्याचा दाखला मिळणार होता. नाही तर ताईचे घर, भाच्यांची खोली आणि दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर माझे उर्वरित तारुण्य. ताईने कालच तिथे नवी गादी घातली होती.

बाईंनी अंडे सोलून कापले. बलक सुरेख बसला होता.

"बघा! पास!"

"अंडं पास झालं. तुमचं ठरायचंय," बाई म्हणाल्या. "डोक्याला मार बसलेली माणसं काम अर्धवट विसरतात आणि मागाहून त्याला झकास कारण जोडतात. खोटं बोलत नसतात हं; त्यांना ते खरंच वाटतं."

क्षणभर माझ्याच भूतकाळाकडे मी ओळखपत्र मागितले. खोलीवर एकटा राहत चार वर्षे मी अशीच अंडी उकडत आलो होतो, की ती चार वर्षे आत्ताच, या झाकणाखाली शिजली?

"ताईला विचारा ना! खोलीवर आली की यावरूनच भांडायची. म्हणायची, पृथ्वी वाचव गाढवा, पण आधी मला जेवायला घाल."

बाई ताईकडे वळल्या. "अपघाताआधीही हे असंच करायचे? तुम्ही हो म्हणालात तर मी आत्ता सही करते."

ताई माझ्या कपाळावरच्या व्रणाकडे पाहत राहिली.

"बोल की गं, ताई. भांडायचीस ना?"

तिने पर्स खांद्याला अडकवली, खुर्ची आवाज न करता मागे सारली आणि दार उघडून ती निघून गेली.