ओठांवरचं बरं

आमचे हे पुटपुटतात, असं मी गेली कित्येक वर्षं येईल त्याला सांगत होते. लेकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, पेपर टाकणाऱ्यालाही सांगून झालं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून गेला. बोलायचं ते समोर उघडून ठेवलेल्या घड्याळाशी. त्यात ही भरघोस मिशी. तिच्यातून शब्द गाळून गाळून बाहेर यायचा, आणि आला तरी तो एकच असायचा. भाजी संपली? बरं. लेक येतेय? बरं. छत गळतंय? बरं.

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी आवाज येण्याची वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं आणि तपासणी झाली म्हणून सांगितलं. डावा कान गेलाच होता आणि उजवा निघायच्या तयारीत होता. मशीन लावून वर्षभर रेटता येईल, पुढे मशीनचाही उपयोग नाही, हे त्यांनी माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने, दोनदा सांगितलं. हलक्या कानाची मी कधीच नव्हते, पण इतक्या जड कानाची होईन असंही वाटलं नव्हतं.

बाहेर बाकावर हे बसले होते. मी सगळं सांगितलं. ह्यांची मिशी हलली. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण त्याची गरजही नव्हती.

खरं सांगायचं तर मला बहिरेपणाची एवढी भीती वाटत नव्हती. गणवेशांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर माझी नोकरी झाली. त्या घरघरीत कान असून नसल्यासारखेच. आम्ही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघून सासवांच्या कागाळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायचो. पण त्या बायका बोलायच्या. माझ्या घरी तोंडात मिठाची गुळणी धरलेला माणूस. त्याचं ते एक 'बरं'सुद्धा यायचं बंद झालं की घरात दोघं असून मी एकटी उरणार होते. भीती वाटत होती ती त्याची, आणि ती रोज वाटत होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी निवृत्त लोकांचे वर्ग भरतात. एका खोलीत चित्रकला, एका खोलीत संगणक, आणि कोपऱ्यातल्या खोलीत ओठवाचन. ओठांकडे बघून बोलणं ओळखायचं. मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी गेले. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीहून लहान, आणि स्वतः लहानपणापासून ठार बहिऱ्या. तरी पिकल्या केसांची सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणत होती. प्रत्येकाने घरचं एक ऐकू येणारं माणूस बरोबर आणायचं, असा तिथला नियम होता. बसमध्ये पूर्वी कंडक्टर असलेल्या एका गृहस्थांनी बहिणीला आणलं होतं. मी हात हलवत गेले होते.

"घरी तुमच्याशी कोण बोलतं?" बाईंनी विचारलं.

"बोलत कोणी नाही. नवरा आहे."

कंडक्टरची बहीण फिसकन हसली.

"काहीतरी म्हणत असतील की."

"बरं म्हणतात."

बाईंनी आवाज बंद करून मला एक शब्द म्हणून दाखवला. मग दुसरा, मग तिसरा. मला तिन्ही वेळा 'बरं'च दिसलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं: बरं, मर, भर.

"प, ब, भ, म," त्या म्हणाल्या, "ओठ मिटले आणि उघडले, एवढंच दिसतं. बाकीचं काम आत चालतं. मग मागचे-पुढचे शब्द बघायचे आणि त्यांच्यावरून ठरवायचं."

"आणि माणूस एकच शब्द बोलत असेल तर?"

"तर तो तुम्हाला दिवसभर मर म्हणतोय, असंही दिसू शकेल."

वर्गात हशा पिकला. मीही हसले. जिना उतरताना मात्र हसू कुठल्या कुठे गेलं.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं की पुढच्या वेळी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. बरं म्हणाले. वर्गाच्या दिवशी बघते तर कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसलेले. दुकान बंद केलं, पण घरच्या खिडकीपाशी टेबल मांडलंय आणि लोक अजून घड्याळं आणून देतात. पुढच्या वेळी गुडघा दुखत होता. त्यापुढच्या वेळी काहीच दुखत नव्हतं, नुसती टंगळमंगळ चालली होती. माझा पारा चढला.

"लोकांची घड्याळं थांबली की तुमचा जीव वरखाली होतो," मी म्हटलं, "आणि इथे बायकोचा कान थांबतोय, त्याचं काही नाही."

ह्यांनी भिंग काढलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंग पुन्हा लावलं. मी दाणदाण पाय आपटत आत गेले. आवाज झालाच असणार.

संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते तेव्हा हे शेजारी येऊन बसले. हातात एक छोटं मनगटी घड्याळ होतं. माझ्या उजव्या कानातलं मशीन त्यांनी हलक्या हाताने काढलं आणि घड्याळ कानाशी धरलं. मी मान हलवली. नाही. ते उठले आणि टेबलावरचं मोठं घेऊन आले. नाही. मग दोन घंट्यांचं गजराचं घड्याळ आणलं, चावी दिली आणि तेही धरलं. मधला हातोडा डोळ्यांच्या कडेने दिसत होता, गार पत्रा कानाच्या पाळीला लागून थरथरत होता. बाकी सगळं शांत. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्ता ही हो म्हणेल, आत्ता म्हणेल, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"वाजतंय का?" मी विचारलं.

त्यांनी घंटा दाबून बंद केली. घड्याळ मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिले. बरं म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्गाला मी चपला शोधत होते, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून दारात उभे.

वर्गात त्यांची दैना झाली. वर बघून बोलायची सवयच नाही. बाई म्हणाल्या, मान वर ठेवा, तोंडावर उजेड येऊ द्या. हे मान वर करायचे आणि दोन शब्दांत हनुवटी परत शर्टाच्या बटणांवर.

"घड्याळजी," कंडक्टर म्हणाले, "शर्टाला काय सांगताय? बायको इकडे बसलीय."

बाईंनी त्यांना आरशासमोर बसवलं आणि स्वतः वाकून बघत राहिल्या. "माफ करा," त्या म्हणाल्या, "पण मला तुमचा वरचा ओठच दिसत नाही. तुमची मिशी बोलतेय असं वाटतं."

ह्यांनी मिशीला हात लावला. ती मिशी लग्नाआधीची. तिला नाव ठेवायची हिंमत मीही कधी केली नव्हती. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा तो जिना चढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले आणि मी हातातली बादली खाली ठेवली. मिशी नव्हती. ओठावर एक पांढरट पट्टा आणि त्याच्याखाली पातळ, मधे किंचित वर उचललेला ओठ. तसाच आमच्या लेकीचा आहे. तो कुणाकडून आला म्हणून आम्ही दोन्हीकडच्या आत्या-मावश्या धुंडाळल्या होत्या, आणि तो इथे माझ्यासमोर झाकून ठेवलेला होता. मला रडू यायला लागलं. ह्यांना वाटलं, फारच वाईट दिसतंय. टॉवेल तोंडाला लावून आत निघाले, तो मी ओढून घेतला.

मग रोजचा सराव सुरू झाला. सकाळी खिडकीपाशी समोरासमोर बसायचं, उजेड त्यांच्या तोंडावर. एकदा काहीतरी म्हणाले आणि मला दिसलं, 'परी आहेस?'

"या वयात?" मी म्हटलं.

हे गोंधळले. परत म्हणाले. परत परीच.

"असेन बाई, तुम्ही म्हणता तर," मी म्हटलं.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. 'बरी आहेस' विचारत होते बिचारे. आणि मग हसले. इतकी वर्षं मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस उघड्या तोंडाने हसताना कसा दिसतो, ते मी बघून घेतलं.

पण सराव व्हायचा तो याच गोष्टींचा. चहा, औषध, पाणी, लेकीचा फोन. बाई माझ्यावर नाराज होत्या. "तुम्ही वाचत नाही, ओळखता," त्या म्हणायच्या, "अर्धं वाक्य बघता आणि उरलेलं स्वतःच पुरं करता." आता चहाच्या वेळी माणूस चहाबद्दल बोलणार, त्यात वाचायचं काय? उजवा कानही दिवसेंदिवस हात वर करत होता. मशीनमधून शब्द यायचे बंद झाले होते, नुसती खरखर यायची. रात्री अंथरुणावर पडलं की मनात यायचं, हे सगळं शिकून मी काय वाचणार? चहा आणि पाणी?

मग एका दुपारी बाईंनी सगळ्यांना मशीनं काढून समोर ठेवायला सांगितली. ऐकू येणाऱ्यांनी आवाज न काढता बोलायचं. आणि आपल्या माणसाला असं काहीतरी सांगायचं, जे आजवर कधी सांगितलेलं नाही. म्हणजे ओळखता येणार नाही, वाचावंच लागेल.

सगळ्या जोड्यांचे ओठ हलायला लागले. आमचे हे मिशी होती त्या जागेवरून बोट फिरवत होते. टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, शेजारच्या कंडक्टरकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जातील. माझा जीव टांगणीला लागला होता. ह्यांच्यापाशी सांगायला काहीच नसेल, तर ते मला इथे, सगळ्यांच्या देखत कळणार होतं.

हे खुर्चीत सरळ बसले. तोंड वर केलं. ओठ हलले.

मला तुझ्याशी बोलायला आवडतं.

थांबले. मग पुन्हा हलले.

येत नाही. पण आवडतं.

एकही शब्द निसटला नाही. प, ब, म सगळे आपापल्या जागी स्वच्छ दिसले.

"कळलं नाही," मी म्हटलं. "परत."

त्यांनी परत सांगितलं. बारीक स्क्रू चिमट्याने बसवतात तसा एकेक शब्द जपून ठेवला.

"अजून नाही," मी म्हटलं.

तिसऱ्यांदा त्यांनी मान जरा पुढे आणली, गळ्याची गाठ वरखाली झाली आणि वर्गातल्या माना वळल्या. सगळ्या नाही. कंडक्टर आपल्या बहिणीच्या ओठांकडे टक लावून बसले होते, बाई फळा पुसत होत्या. पण बहीण बोलायची थांबली आणि ह्यांच्याकडे बघत राहिली. दारापाशी एका सुनेने तोंडावर हात ठेवला. ज्यांना ऐकू येतं तेवढ्याच माना वळल्या होत्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आवाज काढायचा नाही, ते हे विसरले होते. भर वर्गात, परक्या लोकांसमोर, त्यांनी ते मोठ्याने सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नाही, आणि त्याचं मला त्या क्षणी वाईटही वाटलं नाही.

लोक बघताहेत हे ह्यांना कळलं. कानापर्यंत लाल झाले, हनुवटी शर्टाच्या बटणांकडे निघाली. मी तिच्याखाली हात धरला.

"पहिल्यांदाच कळलं होतं," मी म्हटलं. "पुढचं सांगा."

त्यांनी आधी माझ्याकडे रागाने बघितलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली आणि पुढचं सांगायला लागले.