झोपेचा सामना

राज्याच्या महिला कबड्डी संघातल्या बारा जणींना नीट झोपायला शिकवण्यासाठी कुंदाला दहा दिवस मिळाले होते. त्यातले तीन संपले होते.

२००६ सालचं ते शिबिर बदलापुरात, शिरगावातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये भरलं होतं. कुंदा उल्हासनगरच्या एका कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायची. सहा वर्षं खपून तिने झोपेवर प्रबंध लिहिला होता आणि परीक्षकांखेरीज तो कुणी उघडला नव्हता. तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल अशी ही पहिलीच संधी होती. प्रशिक्षक शालनताईंनी मोठ्या नाखुशीने पहाटे चारची धाव बंद केली होती, पण एका अटीवर. कुंदा वरून फूटपट्टी सोडायची, मुलीने ती चिमटीत पकडायची, आणि किती सेंटिमीटर घसरली ते लिहायचं; जितकी कमी घसरेल तितका हात चपळ. पहिल्या दिवशी सरासरी एकोणीस आली. ती सतरावर आली नाही, तर चारची धाव पुन्हा सुरू आणि कुंदा घरी.

प्रत्येकीच्या झोपेचे तास लिहायला कुंदाने भिंतीवर तक्ता लावला, आणि तिथेच ती चुकली. या मुलींना आकडे दिसले की पुढे सामना दिसतो.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती हॉलवर पोचली, तर बारा जणी ओंडक्यासारख्या पडलेल्या. मायाच्या नाकावर माशी बसली होती, तरी माया हलेना. कुंदाला आनंद झाला. मग तिने जवळ जाऊन पाहिलं. चोवीसच्या चोवीस पापण्या थरथरत होत्या.

कोपऱ्यात शालनताई शिट्टी आणि वही घेऊन बसल्या होत्या. त्या कुजबुजल्या, "आवाज करू नका मॅडम. बरोबरीत चाललंय."

"काय?"

"सहा-सहाचे दोन संघ केलेत. डोळा उघडला, हललं किंवा बोललं की बाद."

"ताई, मायाने पायाचा अंगठा हलवला," डोळे मिटूनच श्रद्धा म्हणाली.

"तुला कसं दिसलं गं, झोपेत?" मायाने डोळे मिटूनच विचारलं.

"दोघी बाद," शालनताईंनी लिहून घेतलं.

सगळ्यांत चांगली चढाई करणारी पायल. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. कुंदाने तिला बाजूला घेतलं. "खरं सांग, किती झोपलीस?"

"तीन दिवसांत मिळून चार तास असेल. काय करणार मॅडम, मी झोपले तर बाकीच्या उठल्या हे कळणार कसं?"

त्या दिवशी पट्टी बावीसवर गेली.

"झालं ना समाधान?" शालनताई म्हणाल्या. "उद्या पहाटे चारला मैदान."

"आजची दुपार तरी द्या," कुंदा म्हणाली. "मी त्यांना नीट समजावून सांगते."

जेवणं झाल्यावर तिने तक्ता उतरवला, सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि सहा वर्षांत कुणी न विचारलेलं सगळं सांगायला घेतलं. झोप कष्टाने येत नाही, ती जिंकता येत नाही, मेंदूत तिचे टप्पे कसे असतात. दुसऱ्या टप्प्यावर माया कलंडली. तिसऱ्यावर श्रद्धा तिच्या पोटावर डोकं ठेवून आडवी झाली. दहा मिनिटांत पूर्ण संघ लोळत होता.

कुंदाला फार वाईट वाटलं. कॉलेजातली पोरं निदान मागच्या बाकावर जाऊन तरी झोपत. ती बोलायची थांबली, तशी पायल चुळबुळली. कुंदाने वाकून पाहिलं. पापणी स्थिर, श्वास संथ. ही झोप खरी होती.

ती घाईघाईने पुन्हा बोलू लागली. पाऊण तासात झोपेबद्दल सांगण्यासारखं सगळं संपलं. मग तिने पचनसंस्था घेतली, लाळेपासून. जठर आटोपून ती यकृतापाशी आली, तेव्हा भिंतीला टेकलेल्या शालनताईंचीही मान पडली. शिट्टी त्यांच्या ओठांतच राहिली होती आणि दर उच्छ्वासाला बारीक वाजत होती. त्या शिट्टीने मात्र कुणीही उठलं नाही.

साडेतीनला कुंदाने त्यांना उठवलं. उठल्याउठल्या हात जड असतात, म्हणून चहा होऊ दिला, अर्धा तास थांबली आणि मग पट्टी काढली. सरासरी साडेसोळा आली. पायलची तेरा.

शालनताईंनी आकडे दोनदा पाहिले. "मी झोपले नव्हते, मॅडम. डोळे मिटून ऐकत होते."

"हो ना, ताई."

"चारची धाव बंद. पण तुम्ही रोज दुपारी दोनला यायचं. आणि ते यकृत अर्धंच राहिलंय."

"यकृत नको ताई," माया जांभई देत म्हणाली. "त्यात मध्येच एकदा मला इंटरेस्ट वाटला आणि जाग आली. मॅडम, उद्या मूत्रपिंड घ्या."