पुसलेलं वर्तुळ

भिंगताईंनी पाकिटातून काच बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि कुणी बघत नाही याची खात्री करून तिचा वास घेतला.

स्पिरिटचा वास होता. ताजा.

काच वहीच्या पानाएवढी. तिच्यावर दुर्बिणीतून टिपलेलं आकाश उलटं उमटलेलं असतं, आभाळ पांढुरकं आणि तारे काळे. वरच्या कोपऱ्यातल्या एका बारीक रेघेभोवती भिंगताईंनी एकतीस वर्षांपूर्वी निळ्या शाईने वर्तुळ काढलं होतं. ताऱ्याचा ठिपका उमटतो. रेघ उमटली तर ताऱ्यांमधून काहीतरी सरकत चाललंय असं समजायचं, नाहीतर काचेवरचा डाग समजायचा. रेघ अजून जागेवर होती. वर्तुळ मात्र कुणीतरी पुसलं होतं.

"अस्सं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि काच परत पाकिटात सरकवली.

वेधशाळेत चौतीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून अशा काचा मोजल्या होत्या. ताई हे त्यांना मिळालेलं नातं आणि भिंग हे हत्यार. दोन्ही मिळून नाव पडलं ते कायमचंच. निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर वेधशाळेने त्यांना पुन्हा बोलावून घेतलं. जुन्या काचा आता कॉम्प्युटरमध्ये भरायच्या होत्या आणि कुठली खूण कुणाची हे सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. भिंगताई आल्या त्या ताठ मानेनेच. नव्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मी एकदा नोंदवहीत लिहिलं की लिहिलं. पान उलटून मागे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही."

मंगळवारी चहाच्या वेळी नव्या साहेबांनी बातमी सांगितली होती. नवे साहेब म्हणजे चाळिशीही न गाठलेला, हळू बोलणारा माणूस. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात एक छोटा खडकाळ लघुग्रह दूरच्या एका दुर्बिणीला सापडला होता. जेमतेम तीन किलोमीटरचा दगड.

"पण तो आपल्या काचेवर एकतीस वर्षांपूर्वीच आलाय," साहेब म्हणाले होते. "त्यामुळे त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की झाली. शोधणाऱ्यांनी कळवलंय की ज्यानं आधी पाहिला त्यानंच नाव सुचवावं."

"कुणी पाहिला होता?" एकीने विचारलं.

साहेबांनी कपाकडे बघत म्हटलं, "ते तपासतोय अजून."

भिंगताईंचा चहा तिथेच निवला. तपासायचं काय त्यात? तो दगड त्यांनीच पाहिला होता! वर्तुळ काढलं होतं, आणि तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले होते, "डाग आहे, सोडून द्या." त्या एका वाक्याची सल त्यांनी इतकी वर्षं जपली होती. घरी सांगितली, शेजारी सांगितली, गेले तीन महिने चहाच्या टेबलावर या पोरींनाही सांगून झाली होती. अकरा वर्षांपूर्वी मोठे साहेब गेले तेव्हा सगळी वेधशाळा त्यांच्या घरी लोटली होती. भिंगताई गुडघ्याचं निमित्त करून घरी बसल्या होत्या.

आणि आता वर्तुळ पुसलेलं, तेही त्यांना न विचारता. त्यांच्या मनात संशयाची पाल चुकचुकली ती काही थांबेना. त्या नोंदवह्यांच्या कपाटाकडे गेल्या. प्रत्येक काचेचा निर्णय वहीत लिहिलेला असे. एका ओळीत तांबड्या पाठीच्या वह्या, वर्षवार. नेमक्या त्या वर्षाच्या जागी बोटभर रुंद फट होती.

"त्या सालची वही कुठे गेली हो?" त्यांनी साहेबांच्या दारातून विचारलं.

"बाइंडिंगला दिलीय, ताई," साहेब म्हणाले. म्हणताना त्यांचा हात टेबलाच्या खालच्या खणावर गेला आणि तिथेच राहिला.

भिंगताईंचे डोळे थकले असतील, पण केसाएवढी रेघ ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या खणाच्या फटीतून तांबडी पाठ दिसत होती.

घरी आल्या त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या. नवरा शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होता. तो निवृत्त शिंपी होता, पण यंत्र काही त्याला सोडवत नव्हतं.

"चोर आहे तो," भिंगताई म्हणाल्या.

"कोण, आपला दूधवाला?"

"नवा साहेब. माझी खूण पुसली, वही लपवली. दगड स्वतःच्या नावावर लावणार. एकानं माझ्या तोंडातला घास काढला, आता दुसरा ताट उचलायला निघालाय."

"अगं, दगडच ना तो? तोही एवढा लांबचा." नवऱ्याने धागा दातांनी तोडला. "तुला सगळीकडे डाग दिसतात. जन्मभर तेच काम केलंस."

"त्यातले निम्मे खरे निघाले."

"म्हणजे निम्मे खोटे," तो म्हणाला आणि पुन्हा पाय मारायला लागला.

भिंगताईंना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्या उठून भाजी निवडायला बसल्या. जन्मात एक गोष्ट अशी होती की जी पृथ्वीवर दुसऱ्या कुणीही आधी पाहिलेली नव्हती. तीही हातची जाणार होती.

पुढचे दोन दिवस त्यांनी पाळत ठेवली. काचेचं पाकीट मुद्दाम उलटं ठेवलं. दुपारी ते सुलट झालेलं होतं. त्या दारातून आत आल्या की साहेबांचं फोनवरचं बोलणं तुटायचं. एकदा तर "नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही" एवढं स्पष्ट ऐकू आलं. कुठेतरी पाणी मुरत होतं हे आता हाताच्या काकणाइतकं उघड होतं.

शुक्रवारी, सगळ्या पोरी जेवायला गेल्यावर, त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतलं.

"खालचा खण उघडा."

साहेबांनी हातातला डबा बाजूला ठेवला. "ताई, बसा तरी."

"मी उभीच बरी आहे. काचेवरचं वर्तुळ कुणी पुसलं?"

"मी. शाई काढल्याशिवाय स्कॅन होत नाही. एकेक काच पुसायची आहे, माहीत आहे तुम्हाला. पण पुसायच्या आधी फोटो काढलाय." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा भिंगताईंकडे वळवला. निळं वर्तुळ तिथे होतं, शेजारी भिंगताईंची आद्याक्षरं. "हा फोटो शोधणाऱ्यांना कालच पाठवला. 'पहिल्यांदा पाहणारी व्यक्ती' म्हणून तुमचं नाव लिहिलंय. तुम्हाला सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार होतो."

भिंगताईंनी ती आद्याक्षरं दोनदा वाचली. पण संशयाचंही एक इंजिन असतं, ते लगेच थांबत नाही.

"मग वही का लपवली?"

साहेबांची नजर खणाकडे गेली.

"उघडा खण."

"ताई, नका बघू. फोटो पुरेसा आहे. वही कुणी मागितलेली नाही."

त्यांनी स्वतःच वाकून खण ओढला. वही टेबलावर ठेवून त्यांनी पानं उलटली, त्यांच्या हाताने आजवर कधी न उलटलेली, मागची पानं. काचेचा क्रमांक सापडला. त्यावर बोट ठेवून त्या आडव्या ओळीने सरकत शेवटच्या रकान्यात पोचल्या.

निळ्या शाईत लिहिलं होतं: "डाग. सोडून दिला."

अक्षर मोठ्या साहेबांचं नव्हतं. 'ड'ची शेपटी उजवीकडे वळवायची सवय चौतीस वर्षांत एकाच माणसाला होती. खाली आद्याक्षरं होती, तीही त्यांचीच.

त्याच्या शेजारी, समासात, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "मला खरा वाटतो. शनिवारी दुसरी काच घेतली आहे. ताईंनी पुन्हा पाहावे." आणि मोठ्या साहेबांची सही.

त्याखाली उत्तरासाठी सोडलेली जागा कोरी होती.

"दुसऱ्या काचेवरही आहे तो," साहेब हळूच म्हणाले. "थोडा सरकलेला. म्हणून तर खात्री पटली."

भिंगताई खुर्चीत बसल्या. मोठे साहेब "डाग आहे, सोडून द्या" म्हणाले होते हे खोटं नव्हतं. अनेकदा म्हणाले होते, अनेक काचांबद्दल. ते वाक्य त्यांनी कुठून उचललं आणि या काचेवर कधी आणून डकवलं, ते आता कुणाला विचारणार? चोर सोडून त्यांनी संन्याशाला सुळावर दिलं होतं, आणि दर दिवशी चहाबरोबर पुन्हा पुन्हा दिलं होतं.

"तुम्ही रोज त्यांच्याबद्दल बोलायचात," साहेब म्हणाले. "मला वाटलं, आता या वयात तुम्हाला कशाला..."

"तुमचं चुकलं," भिंगताई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्याहून बरा निघाला. "हे पानही पाठवा. फोटोबरोबर. आणि सोमवारी पोरींना मी सांगेन, तुम्ही नाही."

साहेबांनी मान हलवली. मग टेबलावरचा एक कागद पुढे केला. लघुग्रहाच्या क्रमांकापुढे नावासाठी चौकट होती, रिकामी. सोळा अक्षरांच्या आत बसेल असं नाव हवं, असं खाली छापलेलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

त्या दिवशी त्या लवकर घरी आल्या. नवऱ्याने यंत्र थांबवून वर पाहिलं.

"सापडला का चोर?"

"सापडला."

"मग? कोण निघाला?"

भिंगताईंनी पर्समधली कागदाची घडी चाचपली. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या, केस नीट केले, आणि काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली.

"अहो, मोठ्या साहेबांच्या बाई अजून त्याच घरात राहतात का?"

नवरा बघतच राहिला. "राहतात. गिरणीच्या मागे. पण तू तिकडे? तुझा गुडघा..."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. तेव्हाही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "घरी मोठ्या साहेबांना काय म्हणून हाक मारायचे, तेवढं विचारून येते."